आबा, तुमचा फोन शुक्रवारीच आला होता

प्रिय आबा,

जय भीम. तुम्ही काउंटरवर आलात की असंच म्हणायचात आणि मी मान वर न करता ‘नमस्कार, गाडी नंबर सांगा’ म्हणायचे. आज सुरुवात माझ्याकडून.

लिहायचं कारण साधं आहे. सकाळी तुमची लेक सुजाता ट्रकची कागदपत्रं घेऊन वर्कशॉपला आली होती. आरटीओत गाडी तिच्या नावावर झाली. आमच्या कॉम्प्युटरवर मालकाच्या रकान्यात अजून तुमचंच नाव होतं. ते मी पुसलं आणि तिचं टाकलं. अर्ध्या मिनिटाचं काम. ती गेल्यावर मात्र वाटलं, ज्याचं नाव काढलं त्या माणसाला आपण काहीच कळवलेलं नाही.

म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे. पण तेव्हा काउंटरच्या अलीकडे बसून मी काय केलं, ते माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलं नाहीत.

पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा गाडी पाच महिन्यांची होती. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवल्यावर घेतलेली स्वतःची पहिली गाडी! केबिनमध्ये चढताना तुम्ही चपला काढून सीटखाली ठेवायचात. आमची पोरं हसायची. तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात आणि पुढच्या वेळी पुन्हा चपला काढायचात.

“डावं वळण घेतलं ना पोरी, की चाक तितंच ऱ्हातं,” तुम्ही सांगितलंत. “सरळ करायला गेलं तर येत न्हाई. कुनीतरी पलीकडनं धरून ठेवल्यावानी. आन् ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढती.”

“नेहमीच होतं का?”

“न्हाई. माल भरलेला असला, घाट उतरून गाडी तापली, की मंग.”

मी टाइप केलं, ‘स्टेअरिंग जड’. कॉम्प्युटरमध्ये तक्रारींची ठरलेली यादी असते आणि त्यातलं सगळ्यात जवळचं तेच होतं. माल भरलेला, गाडी तापलेली, उतार, हे लिहायला खाली मोकळी जागा होती. ती मी रिकामी सोडली. मागे रांग होती, हे एक कारण. दुसरं काही कारण होतं का? आठवत नाही. बहुतेक नव्हतंच.

आमच्या माणसाने रिकामी गाडी हायवेवर सपाटीला कामशेतपर्यंत नेली आणि परत आणली. जॉबकार्डावर शेरा पडला, ‘दोष आढळला नाही’. तुम्ही सही केलीत.

दुसऱ्या वेळी ब्रेकवाल्याने ब्रेक बघितले आणि सांगितलं, दोष स्टेअरिंगचा आहे. स्टेअरिंगवाल्याने ग्रीस भरलं आणि सांगितलं, दोष ब्रेकचा आहे. तुम्ही दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होतात. तेव्हा मी एक वाक्य बोलले, ते अजून मला टोचतं. मी म्हटलं, “आबा, नवीन गाडी आहे, होईल हळूहळू सवय.”

तुम्ही रागावला नाहीत. “पस्तीस वरसं चाकामागं बसलोय. सवय मला शिकवती व्हय गं?” म्हणालात आणि माझ्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी पिऊन निघून गेलात. रागावायला हवं होतं, आबा! तुम्ही एकदा जरी आवाज चढवला असता तर मॅनेजर साहेब केबिनबाहेर आले असते. आमच्याकडे ओरडणाऱ्याची गाडी आधी आत जाते. तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं कसं म्हणू?

मग तो शुक्रवार. दुपारी जेवणानंतर तुमचा फोन आला. “परवाच्याला वॉरंटी संपतीया. उद्याच्याला आनू का गाडी?”

शनिवारी आमच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या लागल्या होत्या. मी म्हटलं, “मंगळवारी आणा. काही बिघडत नाही आबा, तुमचा फोन आलाय ना, मी नोंद करते.” नोंद केलीही. अपॉइंटमेंटच्या वहीत, माझ्या अक्षरात, तुमचं नाव, गाडी नंबर, तक्रार, सगळं लिहिलं. रविवार मधे येतो आणि रविवारी वॉरंटी संपते, याचा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही.

मंगळवारी तुम्ही आलात. मी नंबर टाकला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली, वॉरंटी समाप्त. साहेबांना बोलावलं. त्यांनी तुमच्यासमोर मला विचारलं, “यांनी मुदतीच्या आत फोन वगैरे केला होता का? तसं असेल तर बघता येईल काहीतरी.”

त्या महिन्यात चुकीच्या तारखा दिल्याबद्दल मला आधीच एक मेमो मिळाला होता. दुसरा मिळाला असता तर काउंटर गेलं असतं, कदाचित नोकरीही. वही माझ्या उजव्या हाताशी होती.

“आठवत नाही सर,” मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. फार वेळ नाही. मग साहेबांकडे वळून म्हणालात, “माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई, सायेब.”

का म्हणालात, आबा? तिथे फक्त तीन माणसं होती. खरं दोघांना माहीत होतं. एकानं सांगितलं नाही, ती मी. दुसऱ्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं. मी तुमची कोण होते?

त्यानंतर दोन आठवड्यांनी तुम्ही पुन्हा आलात. हातात कागद नव्हता, काही नव्हतं. “तुला सुट्टी कवा असती? एकडाव बस माज्या गाडीत. बाकीचं ऱ्हाऊ दे.”

मी हो म्हटलं. मला अवघड वाटू नये म्हणून तुम्ही मावशींना, सुजाताच्या आईलाही, घेऊन आलात, हे मी विसरलेले नाही. कुसगावच्या फाट्यावर मी चढले. मागे तांदळाची पोती, मधे मावशी, त्यांच्या मांडीवर डबा. भर सकाळची वेळ, लख्ख ऊन. लोणावळा गेलं, खंडाळा गेलं, घाट सुरू झाला. पहिली काही वळणं काहीच झालं नाही. माझ्या मनात आलं, चला, यांचा भासच असेल. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मग एका डाव्या वळणावर तुम्ही चाक वळवलंत आणि ते तिथेच राहिलं. गाडी वळत गेली. समोर घाटाचा कठडा होता आणि त्याच्यापलीकडे नुसतं आभाळ. तुम्ही सीटवरून उठलात. दोन्ही हात, खांदा, छाती, सगळं त्या चाकावर घातलंत. ब्रेक दाबला तर गाडी आणखी डावीकडे ओढली. तुम्ही पाय काढला, पुन्हा हळूच दाबला, पुन्हा काढला. चाक कट् करून सुटलं. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी सरळ झाली.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. मावशी डबा सावरून एवढंच म्हणाल्या, “ह्यो मानूस घरी कवा येवडा जोर लावत न्हाई.”

खाली खोपोलीत आपण चहा प्यायलो. तुम्ही बशी रिकामी केलीत आणि मग विचारलंत.

“कळलं का?”

“कळलं.”

“बास. म्हाताऱ्याच्या मनाचा खेळ न्हाई, येवडं कुनाला तरी कळलं.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की मी स्वतः बसून आले आहे, दोष खरा आहे. ते म्हणाले, “मुदत संपलेली गाडी आहे. तू सुट्टीच्या दिवशी कुणाच्या गाडीत बसलीस, हे कंपनीला लिहून कळवू का मी?” मी काउंटरवर परत आले. वहीचं तर तोंडातून काढलंच नाही. म्हणजे घाटात जे बघितलं ते अर्धं सांगितलं, आणि टेबलावर होतं ते अजिबात नाही.

बाहेरच्या दोन गॅरेजवाल्यांनी तुमची गाडी बघितली. ब्रेकचे लायनर बदलले, ब्रेक पुन्हा जुळवले. दोष आठवडाभर दडून राहायचा आणि परत यायचा. स्टेअरिंग बॉक्स बाहेर उघडला तर कंपनी कायमचे हात वर करणार, हे मीच तुम्हाला बजावलं होतं. नियमच तसा होता. म्हणजे आम्ही उघडणार नाही आणि दुसऱ्याला उघडू देणार नाही!

शेवटी तुम्ही ट्रक पवनानगरच्या घराशेजारी पत्र्याखाली उभा केलात. गिऱ्हाईक आलं होतं, हे सुजाताने नंतर सांगितलं. माणूस बाहेरगावचा होता, गाडी बघून खूश झाला होता. तुम्ही त्याला आधीच सांगितलंत, गाडीत दोष हाय, घाट उतरायची न्हाई. तो म्हणाला, मी बघून घेईन. तुम्ही म्हणालात, “तुमी बघाल वो. पुढनं येनाऱ्यानं काय करायचं?” आणि चावी खिशात घातलीत.

आणि साठीला आलेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर बसला. पवनानगर ते कामशेत, प्रवासी जीप.

एकदा कामशेतला मी तुम्हाला बघितलं होतं. मी लोकलने बेगडेवाडीला घरी निघाले होते. तुम्ही स्टेशनबाहेर जीपच्या दाराशी उभे राहून हाका मारत होतात, ‘पवनानगर, पवनानगर!’ आवाज बसला होता. मी रसवंतीच्या मागून वळसा घालून प्लॅटफॉर्मवर गेले. तुम्ही मला पाहिलं होतं का? पाहिलं असेल तर हाक मारली नाहीत, त्यातही माझीच सोय बघितलीत.

तुम्ही गेल्याचं आमच्या गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. सकाळी जीप धुताना छातीत कळ आली, म्हणाला. मी ‘अरेरे’ म्हटलं आणि पुढचं जॉबकार्ड काढलं. तुमच्या पुण्यानुमोदनाला आले नाही. सुट्टी मिळाली नाही, असं मनाला सांगितलं. सुट्टी मी मागितलीच नव्हती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सुजाता आली. मी तिला ओळखत नव्हते. तळेगावच्या कारखान्यात ती तयार झालेला माल तपासते, हे तिच्या गळ्यातल्या कार्डावर होतं. तिने काउंटरवर फाइल ठेवली. त्यात तुमची दोन्ही जॉबकार्डं होती, तारखेप्रमाणे लावलेली.

“या दोन्ही तक्रारी मुदतीतल्या आहेत,” ती म्हणाली. “दोष तेव्हापासूनचा आहे. मी ग्राहक आयोगात जाणार आहे. तुमच्याकडे आणखी काही नोंद आहे का?”

“काय नोंद?”

तिने माझ्याकडे बघितलं. अगदी तुमच्यासारखं, फार वेळ नाही. “आबा म्हणायचे, त्यांनी मुदत संपायच्या आधी फोन केला होता. मी म्हटलं, मग सांगत का नाही तुम्ही? तर म्हणाले, त्या पोरीला म्हाइती हाय. तिला सांगायचं तवा ती सांगंल. पण तिच्या दारात मागायला जायचं न्हाई, तिची नोकरी जाईल.”

मी तिला बसायला सांगितलं. उठून मागच्या खोलीत गेले. जुन्या वह्या तिथल्या कपाटात असतात. पान सापडायला वेळ लागला नाही. शुक्रवार, दुपार, तुमचं नाव. अक्षर माझं.  रडले वगैरे नाही. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, ते दोन-तीनदा लावून बघितलं.

वही घेऊन आधी साहेबांकडे गेले.

“हे तेव्हा का नाही सांगितलंस?”

“घाबरले, सर.”

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. वाईट माणूस नाही तो, आबा. “यात माझंही नाव येणार,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, “हो सर, येणार.” पानाची झेरॉक्स काढली, खाली सही केली आणि सुजाताला दिली. त्याच वेळी तिला त्या मंगळवारचंही सगळं सांगितलं. तिने झेरॉक्स आत लावली. फाइल बंद केली आणि गेली. मला तिने माफ केलं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला काउंटरवरून काढून स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये टाकलं. आठ महिने नटबोल्ट मोजले. तक्रार नाही माझी.

पुण्याला आयोगापुढे शपथपत्र दिलं. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही साहेबांना सांगितलंत आठवत नाही, आणि इथे म्हणता फोन आला होता. मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?”

“तेव्हा,” मी म्हटलं.

त्यानंतर कंपनी गाडी पुन्हा तपासायला तयार झाली. सुजाताने लेखी अट घातली की गाडी भरलेली हवी आणि घाटात उतरवायची. पहिल्या दिवशी जी जागा मी रिकामी सोडली होती, तिथे लिहायचं ते तुमच्या मुलीने असं लिहून घेतलं.

कंपनीचा कसलेला ड्रायव्हर चाकावर बसला, मोठे इंजिनिअर त्याच्या शेजारी. मी आणि सुजाता मागच्या जीपमध्ये. ट्रक वळणं घेत गेला आणि आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता ती मोजत होतो. एका वळणावर ट्रक कठड्याच्या बाजूला सरकला, ब्रेकचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले आणि गाडी तशीच कडेला थांबली. इंजिनिअर खाली उतरले. पाण्याची अख्खी बाटली प्यायले. मग सुजाताजवळ येऊन त्यांनी विचारलं, “तुमचे वडील हिला किती दिवस चालवत होते?”

“मुदत संपेपर्यंत आणि नंतर थोडे दिवस,” ती म्हणाली.

 रिपोर्ट त्यांनी सरळ लिहिला. दोष एक नव्हता, दोन होते. स्टेअरिंग बॉक्सच्या आतला दांडा तापला की अडकायचा, थंड झाला की मोकळा. आणि डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक तापला की पाय काढल्यावरही लगेच सुटायचा नाही. म्हणून ब्रेकवाला आणि स्टेअरिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवत होते. दोघंही थोडं थोडं खरं बोलत होते! कंपनीने तक्रार मुदतीतली असल्याचं लेखी मान्य केलं आणि दोन्ही भाग नवे बसवून दिले. पुन्हा भरलेली गाडी घाट उतरवून दाखवली, मगच सुजाताने सही केली.

आता गाडी चालते आहे. कान्हे गावचा एक ड्रायव्हर ठेवलाय, शांत माणूस आहे. मावशी ठीक आहेत. गुडघे दुखतात म्हणाल्या.

मी पुन्हा काउंटरवर आले आहे. आल्यावर एक काम कुणी न सांगता केलं. तुमच्या गाडीच्या मॉडेलची, त्याच सुमारास बनलेली जेवढी वाहनं आमच्याकडे येतात, त्यांची जुनी कार्डं काढून बसले आणि ‘स्टेअरिंग जड’ शोधलं. तुमच्याशिवाय चार सापडली. चारांवरही तोच शेरा, ‘दोष आढळला नाही’. चारांतली तीन कार्डं माझ्याच हातची.

फोन लावले. पहिला मालक म्हणाला, “ताई, मला वाटलं माझ्या हातातच जोर राहिला नाही.” दुसऱ्याने घाटाचं भाडंच सोडून दिलं होतं. तिसऱ्याची बायको फोनवर आली आणि आधी मला भरपूर बोलली. मी ऐकून घेतलं. तिन्ही गाड्या येऊन गेल्या. कंपनीने मुदत न बघता काम करून दिलं, कारण तुमच्या गाडीचा रिपोर्ट समोर होता. आबा, तुमच्या नकळत तीन केबिनमधली माणसं वाचली असतील. असतील, एवढंच म्हणते. न झालेल्या अपघाताची नोंद कुठेच होत नाही.

चौथा फोन लागत नाही. नंबर बंद आहे. कार्डावर पत्ता आहे, आंदर मावळातल्या एका गावचा. तिथून येणारा दूधवाला म्हणाला, त्या मालकाने ट्रक कधीच विकला, कुणाला ते त्याला ठाऊक नाही. गाडीत काय आहे, हे विकणाऱ्याने घेणाऱ्याला सांगितलं असेल का? सगळेच तुमच्यासारखे नसतात. आणि त्याला तरी काय दोष देऊ, त्याच्या कार्डावर मीच लिहून दिलं होतं की दोष नाही.

तो ट्रक आज कुठल्या तरी रस्त्यावर आहे. साहेब म्हणाले, पत्र टाकून दे, आपली जबाबदारी संपली. पत्र टाकलं. पण रविवारी मी त्या गावाला जाणार आहे. मालक भेटला तर कुणाला विकला ते विचारीन. ज्याला विकला त्याने पुढे कुणाला दिला असेल, तर त्याच्याकडे जाईन. आरटीओत नंबर काढीन, लागेल तेवढ्या सुट्ट्या काढीन, आणि या वेळी खरोखर मागून काढीन. त्या गाडीच्या चाकावर जो कुणी बसत असेल त्याच्यासमोर उभं राहून मी सांगणार आहे, तुमच्या हातात जोर कमी नाही, दोष गाडीत आहे आणि तो मला माहीत होता. हा शब्द देते तुम्हाला.

तुमची,
काउंटरवरची वैशाली
बेगडेवाडी